दुरिताचें फूल

२९ डिसेंबर १९८९ या दिवशीं टोकियो शहरांत दोन गोष्टी घडल्या. शेअरबाजाराचा तो त्या वर्षांतला शेवटचा दिवस होता. बाजार बंद होतांना निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोंचला, आणि ती उंची ओलांडावयास त्याला पुढें २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. त्याच दिवशीं टोकियो डोम या अवाढव्य, छप्पर घातलेल्या क्रीडागारांत पांच तरुणांचा एक वाद्यवृंद आठ महिन्यांच्या सक्तीच्या मौनानंतर पुन्हां लोकांसमोर आला. पहिल्या गोष्टीची नोंद जपानच्या अर्थकारणाच्या प्रत्येक इतिहासांत सांपडते. दुसरीची नोंद घेण्याची गरज इतिहासकारांस सहसा वाटत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय ती दुसरी गोष्ट आहे.

विषयाचें नांव ऐकून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. रॉक संगीत म्हणजे कानठळ्या बसविणारा गोंगाट, आणि त्यांतहि ‘गॉथिक’ म्हणून जें ओळखिलें जातें तें म्हणजे काळे कपडे, पांढरेफटक चेहरे आणि स्मशानाची हौस, असा समज सुशिक्षित कुटुंबांत रूढ आहे. तो अगदींच निराधार आहे असेंहि नाहीं. परंतु ज्या समाजाच्या भरभराटीला त्या घटकेस सीमा राहिली नव्हती, त्या समाजांतील असंख्य तरुणांनीं नेमक्या त्याच वेळीं काळोखाचें गाणें कां जवळ केलें, हा प्रश्न नाक मुरडून सोडून देण्याजोगा नाहीं.

या वाद्यवृंदाचें नांव ‘बक-टिक’. फटाक्यांना जपानी भाषेंत ‘बाकुचिकु’ म्हणतात. त्याच उच्चाराला रोमन अक्षरांचा परका पोशाख चढवून हें नांव सिद्ध झालें. टोकियोच्या वायव्येस गुन्मा नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील फुजिओका या लहानशा शहरांत, शाळेपासून एकमेकांस ओळखणाऱ्या मुलांनीं १९८३ च्या सुमारास हा उद्योग आरंभिला, तेव्हां त्यांना वाद्यें धड वाजवितांहि येत नव्हतीं. हिसाशी इमाई गिटार वाजवी आणि चाली बांधी. बहुतेक चाली त्याच्याच. अत्सुशी साकुराई हा प्रथम ड्रम वाजवीत असे. पण त्याचा ओढा गाण्याकडे होता, आणि १९८५ सालीं पहिला गायक गेल्यावर त्यानें ती जागा घेतली. ड्रमवर, बेसवादक युताका हिगुची याचा थोरला भाऊ, ‘तोल यागामी’ या नांवानें ओळखला जाणारा, येऊन बसला. दुसरी गिटार हिदेहिको होशिनो याच्या हातीं होती. अशा रीतीनें जुळलेले हे पांच गडी पुढें सदतीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिले. एकानेंहि मंडळी सोडली नाहीं, नवा कोणी आंत आला नाहीं. आमच्याकडील नाटकमंडळ्यांच्या फाटाफुटींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचें नवल विशेष वाटेल.

राजधानींत धडपड चालली असतां १९८७ सालीं त्यांनीं एक युक्ति केली. ‘बाकुचिकु गेन्शो’, म्हणजे फटाक्याचा चमत्कार, एवढेच शब्द छापलेल्या चिठ्ठ्या शहरभर चिकटविल्या, आणि हें काय प्रकरण आहे तें पाहावयास लोक जमले. त्याच वर्षीं व्हिक्टर कंपनीनें त्यांना आपल्याकडे घेतलें, आणि पुढील वर्षीं त्यांचें एक गाणें आपल्या ध्वनियंत्राच्या जाहिरातींत वाजविलें. आकाशाकडे ताठ उभे केलेले केस, डोळ्यांत काजळ, ओठांस रंग अशा वेशांतील हीं मुलें घरोघरच्या दूरदर्शनयंत्रावर दिसूं लागलीं. १९८९ च्या जानेवारींत, लंडनमध्यें मुद्रित केलेला त्यांचा ‘टॅबू’ हा गीतसंग्रह विक्रींत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच महिन्यांत सम्राट् हिरोहितो निवर्तले होते. शोवा युग संपून हेइसेई युग सुरू झालें होतें.

आतां ‘गॉथिक’ या शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मूळ तें एका जमातीचें नांव. मग तें युरोपांतील उंच, टोंकदार कमानींच्या देवालयांस लागलें. पुढें १७६४ सालीं होरेस वॉल्पोल या इंग्रज ग्रंथकारानें ‘कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ ही भुताटकीची कादंबरी लिहिली, तेव्हांपासून तें वाङ्मयांत शिरलें. संगीतांत तें आलें १९७९ च्या सुमारास. त्या वर्षीं बाउहाउस या इंग्रज वाद्यवृंदानें, चित्रपटांत ड्रॅक्युलाची भूमिका करणाऱ्या बेला लुगोसी या नटाच्या मरणावर नऊ मिनिटांहून लांब असें एक गाणें काढलें. त्यांतील ताल संथ आहे, गिटारचे स्वर पोकळ घरांतून यावे तसे येतात, आणि गायकाचा आवाज खर्जांत उतरलेला आहे. सूझी अँड द बॅन्शीज, द क्युअर वगैरे मंडळी याच वाटेनें गेलीं. साकुराई हा या सर्वांचा भक्त, आणि तें त्यानें कधीं लपविलें नाहीं.

तर मग हें सारें विलायती अनुकरणच कीं काय? वेश आणि वाद्यें यांपुरतें तें अनुकरण खरेंच. पण जपानांत भुतांचें घर आधींच बांधलेलें होतें, आणि परक्या पाहुण्यांस त्यांत फक्त एक खोली मिळाली. वॉल्पोलनंतर अवघ्या बारा वर्षांनीं, १७७६ सालीं, उएदा अकिनारी यानें ‘उगेत्सु मोनोगातारी’ हा नऊ अद्भुत कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. जपानचे दरवाजे तेव्हां परदेशीयांस बंद होते; वॉल्पोलचें नांवहि अकिनारीच्या कानीं आलें असण्याचा संभव नाहीं. त्याच्या कथांतील मृतात्मे केवळ भिववावयास येतात असें नाहीं. कोणी दिलेला शब्द पाळावयास येतो. कोणी पतीची वाट पाहत बसलेली स्त्री मरूनहि मोडकें घर सोडीत नाहीं. भीतीपेक्षां निष्ठा आणि विरह यांचाच हा प्रांत आहे, आणि या बाबतींत अकिनारी हा वॉल्पोलहून पुष्कळच थोर कलावंत होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जपानी झालेला परदेशी लेखक लॅफकॅडिओ हर्न यानें १९०४ सालीं आपल्या ‘क्वायदान’ या पुस्तकांत होइचीची गोष्ट सांगितली आहे, ती अनेक वाचकांस ठाऊक असेल. होइची हा आंधळा बिवावादक. हेइके घराण्याच्या समुद्रांतील पराभवाचा पोवाडा गाण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नाहीं. एका रात्रीं त्याला कोणा सरदाराच्या घरीं गावयास बोलावणें येतें. तो जातो, गातो, आणि श्रोते हुंदके देऊन रडतात. ते श्रोते म्हणजे त्याच युद्धांत बुडालेले हेइके वीर आणि त्यांच्या स्त्रिया होत. आपल्याच नाशाचें गाणें ऐकावयास ते थडग्यांतून उठून आलेले असतात. गायक आणि मृत यांच्यामधील हा करार जपानी कल्पनेंत फार जुना आहे. ज्याला हें ठाऊक आहे त्याला साकुराईचें काळें सोंग पाहून, हें लंडनहून आणलेलें, एवढें म्हणून थांबतां येणार नाहीं.

फ्रान्सकडून आलेली देणगी निराळी. १९०५ सालीं उएदा बिन या विद्वानानें ‘काइचोओन’ हा पाश्चात्त्य कवितांच्या अनुवादांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्यांतून बोदलेअर जपानी भाषेंत आला. पुढच्या पिढीच्या कवींवर त्या लहानशा पुस्तकाचा केवढा तरी परिणाम झाला. त्याच पिढींतील हागिवारा साकुतारो हा याच गुन्मा प्रांतांतील माएबाशी गांवचा. त्याचा ‘चंद्राकडे पाहून भुंकणें’ अशा अर्थाच्या नांवाचा पहिला काव्यसंग्रह १९१७ सालीं निघाला, तेव्हां सरकारी परीक्षकांनीं त्यांतील दोन कविता काढावयास लाविल्या. रोगट चंद्रप्रकाश, मातींतून वर येणारे मृतांचे हात, स्वतःच्या मनाची किळस, हें सारें त्या संग्रहानें जपानी कवितेंत आणून बसविलें. फुजिओकाच्या मुलांनीं शाळेंत तो किती मन लावून वाचला, हें सांगतां येत नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. ज्या भाषेंत तीं मुलें वाढलीं तिच्यांत बोदलेअर हा पाऊणशे वर्षांचा रहिवासी झालेला होता, एवढें पुरे.

१९८९ च्या एप्रिलांत इमाई यास एल. एस. डी. या मादक द्रव्याच्या प्रकरणीं अटक झाली. पुढें न्यायालयानें दिलेली शिक्षा स्थगित राहिली. परंतु ठरलेले दौरे रद्द झाले आणि वाद्यवृंदाचें काम थांबलें. जपानांत अशा अपराधाकडे किती कठोर दृष्टीनें पाहतात, याची कल्पना बाहेरच्यांस सहसा येत नाहीं. कायद्याची शिक्षा त्या मानानें हलकी असते; समाजाची जड असते. लोकांसमोर येऊन कंबरेंत वांकावें, क्षमा मागावी, मग कांहीं काळ दिसेनासें व्हावें, आणि परत यावयाचें तर खालमानेनें यावें, असा अलिखित दंडक आहे. कित्येक कलावंत त्या अज्ञातवासांतून परतलेच नाहींत.

हे परत आले, तेहि देशांतील एका सर्वांत मोठ्या प्रेक्षागारांत. त्यानंतर चार आठवड्यांच्या आंत, २४ जानेवारी १९९० रोजीं, त्यांचें नवें गाणें निघालें आणि १ फेब्रुवारीस त्याच नांवाचा दहा गाण्यांचा संग्रह. नांव होतें ‘आकु नो हाना’. बोदलेअरच्या सुप्रसिद्ध काव्यसंग्रहाचें जपानी भाषांतरांत रूढ झालेलें नांव हेंच. मराठींत त्याला ‘दुरिताचें फूल’ म्हणावेंसें वाटतें. पसायदानामुळें ‘दुरित’ हा शब्द आपल्या कानांत आहेच, आणि पाप, अमंगळ आणि दुर्दैव या तिहींची छाया त्या एका शब्दांत पडते. या ठिकाणीं आठवण ठेवावयाची ती ही कीं १८५७ सालीं बोदलेअरवर याच पुस्तकाबद्दल खटला झाला होता. त्याला दंड झाला, सहा कविता काढाव्या लागल्या, आणि त्यांवरील बंदी फ्रान्सच्या न्यायालयानें उठविली ती १९४९ सालीं. अपराधी ठरलेल्या पुस्तकाचें नांव अपराधी ठरलेल्या वाद्यवृंदानें आपल्या पुनरागमनास द्यावें, यांत उद्धटपणा आहे. पण त्यांत एक प्रकारचा प्रामाणिकपणाहि आहे. आम्ही निर्मळ होऊन आलों, असें त्यांनीं म्हटलें नाहीं.

नांवाच्या लेखनांतहि एक खोंच आहे. ‘आकु’ या शब्दाचें चिनी अक्षर युद्धानंतर सोपें करण्यांत आलें, आणि शाळांतून, वर्तमानपत्रांतून तें सोपें रूपच चालतें. बक-टिकनें छापलें तें जुनें, अधिक रेघांचें अक्षर. आमच्याकडे कोणी आजहि जुन्या वळणाचे अनुस्वार देत बसावें, त्यांतलाच हा प्रकार. त्याला कोणी तऱ्हेवाईकपणा म्हणेल. पण त्या एका अक्षरानें संग्रहाचें मुखपृष्ठ युद्धपूर्व काळाशीं, जुन्या छापील कवितांच्या पुस्तकांशीं जोडलें गेलें.

संग्रह कसा आहे? दहाहि गाणीं एका तोलाचीं नाहींत, हें प्रथमच सांगून टाकावें. कांहींत अजून पूर्वींच्या दिवसांतला पोरकट गोडवा उरला आहे. आरंभींचें ‘नॅशनल मीडिया बॉइज’ हें हुकूमशाहीचें सोंग आणून जगावर हुकूमत गाजवूं पाहणाऱ्यांचें गाणें आहे. त्याची लय कवाइतीच्या पावलांसारखी पडते, आणि गाणारा खरोखर हुकूम सोडतो आहे कीं थट्टा करतो आहे, हें शेवटपर्यंत कळत नाहीं. लगेच पुढें ‘माबोरोशी नो मियाको’ येतें. ‘भासमान राजधानी’ असा त्या नांवाचा अर्थ. आपण गंधर्वनगर म्हणूं. शीर्षकगीत शेवटून दुसरें ठेविलें आहे. तें संथ नाहीं, शोकमग्न नाहीं, तें धांवतें. इंग्रज गुरूंचा खर्ज साकुराईनें घेतला, पण त्यांचा मंदपणा घेतला नाहीं, आणि त्या वेगामुळें काळोख अंगावर चालून येतो. त्यानंतर ‘किस मी गुड-बाय’ हें निरोपाचें गाणें येतें आणि संग्रह मिटतो. या संग्रहापूर्वीं साकुराईचा आवाज कोंवळ्या मुलाचा वाटतो. येथें तो प्रथमच पुरुषाचा झाला आहे. पुढच्या तीस वर्षांत तो ज्या खोलीपर्यंत उतरला तिची पहिली पायरी या दहा गाण्यांत सांपडते, आणि या संग्रहाचें मोठेपण आमच्या मतें मुख्यतः एवढेंच आहे.

गाणें आणि संग्रह दोन्ही विक्रींत पहिल्या क्रमांकावर गेलीं. त्याच सुमारास शेअरबाजार घसरूं लागला होता. १९९० च्या अखेरीस निर्देशांक २४,००० च्याहि खालीं आला, आणि त्या सर्व वैभवाला जपानी लोक स्वतःच ‘बुडबुडा’ म्हणूं लागले. गंधर्वनगराचें गाणें आणि खरोखरीचें गंधर्वनगर यांची अशी गांठ पडलेली पाहून, या तरुणांना भविष्य दिसलें होतें, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. गाणीं बांधणाऱ्यांस बाजाराचें ज्ञान नव्हतें, आणि बाजार करणाऱ्यांनीं हीं गाणीं ऐकलीं नव्हतीं. फार तर इतकें म्हणतां येईल कीं सगळीकडे दिवे लखलखत असतां डोळ्यांना विसांवा म्हणून अंधार हवासा वाटतो, आणि तरुणांना तो आधीं हवासा वाटतो.

तरीहि एक आक्षेप उरतोच, आणि तो खरा आहे. ‘आकु नो हाना’ या संग्रहांतील काळोख अजून बराचसा पोशाखी आहे. चेटकिणींची सभा, चंद्र, पाप, चुंबन हीं सारीं साहित्याच्या कपाटांतून काढलेलीं वस्त्रें आहेत. घालणाऱ्यास तीं शोभतात, पण अंगांत भिनलेलीं नाहींत. तो बदल झाला १९९० सालींच. त्या वर्षीं साकुराईची आई वारली. त्याचें बालपण मद्यपी बापाच्या घरांत गेलें होतें, हें पुढें त्यानें स्वतः सांगितलें आहे. आई हाच त्या घरांतला आधार होता. १९९१ च्या फेब्रुवारींत निघालेल्या ‘कुरुत्ता ताइयो’, म्हणजे ‘वेडावलेला सूर्य’, या संग्रहांत आईविषयींचीं गाणीं आहेत. त्यांतील ‘ज्युपिटर’ या गाण्याची चाल होशिनोची. तें ऐकतांना भूत, चेटकीण कांहींच आठवत नाहीं. एक माणूस आकाशाकडे पाहून कोणाची तरी क्षमा मागतो आहे असें वाटतें. एकाच वर्षाचें अंतर, पण सोंग आणि दुःख यांतला भेद ज्याला कानानें ओळखावयाचा असेल त्यानें हे दोन संग्रह लागोपाठ ऐकावे. आणि गंमत अशी कीं पहिल्यानें दुसऱ्याची वाट मोकळी केली होती. मृत्यूविषयीं गावयाची भाषा त्यानें आधीं खेळ म्हणून शिकून ठेविली होती. वेळ आली तेव्हां ती तयार होती.

पुढचा इतिहास लांब आहे, तो येथें भराभर सांगतों. चेहरे रंगवून गाणाऱ्या मंडळींचा ‘व्हिज्युअल केई’ नांवाचा मोठा संप्रदाय १९९० नंतरच्या दशकांत जपानभर पसरला, आणि त्यांतील पुष्कळांनीं बक-टिकला वडीलकीचा मान दिला. स्वतः बक-टिक मात्र कोणत्याहि संप्रदायांत फारसे रमले नाहींत. यंत्रांचे आवाज, नृत्याचे ताल, जें नवें दिसेल तें इमाई उचलीत गेला. २००५ सालीं ‘जुसान-काइ वा गेक्को’, तेरावा मजला आणि चांदणें, हा संग्रह त्यांनीं उघडउघड गॉथिक म्हणूनच रचला. विदूषक, बाहुली, दुःस्वप्न, सैतान असा सबंध नाटकाचा खेळ त्यांत मांडला आहे, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरील साकुराई त्यांत नटासारखा भूमिकेमागून भूमिका करतो. कलाकुसरीच्या दृष्टीनें तो संग्रह ‘आकु नो हाना’हून सरस आहे यांत शंका नाहीं. २०१५ सालीं ‘आकु नो हाना’चें मूळ ध्वनिमुद्रण पुन्हां नव्यानें जुळवून प्रसिद्ध करण्यांत आलें. पंचवीस वर्षांनीं त्यांना त्या फुलाकडे परत वळावेंसें वाटलें, यावरून त्यांच्या लेखीं त्याची किंमत कळते.

२९ डिसेंबर ही तारीख त्यांनीं सोडली नाहीं. पुढें अनेक वर्षें त्या दिवशीं टोकियोंतील बुडोकान या सभागारांत त्यांचा कार्यक्रम होत असे, आणि वर्ष त्याच्याशिवाय संपत नाहीं असें श्रोत्यांस वाटूं लागलें.

१९ ऑक्टोबर २०२३ रोजीं योकोहामा येथें कार्यक्रम नुकताच सुरू झाला असतां साकुराईची प्रकृति रंगमंचावर एकाएकीं बिघडली. त्याला रुग्णालयांत नेलें. त्याच रात्रीं मेंदूंतील रक्तस्रावानें तो वारला. वय सत्तावन्न. ही बातमी पांच दिवसांनीं प्रकट झाली. आयुष्यभर ज्यानें मरणाला आळविलें त्याला मरण गातां गातां यावें, यांत काव्य शोधणारे लेख त्या वेळीं पुष्कळ निघाले. आम्हांस तें बरें वाटलें नाहीं. नाटकांत पडणें आणि पडणें या दोन गोष्टी त्याच्याइतक्या दुसऱ्या कोणीं वेगळ्या ओळखल्या नसतील.

त्या वर्षींहि २९ डिसेंबरला बुडोकानमध्यें कार्यक्रम झाला. नांव ठेविलें तें जुनेंच, चिठ्ठ्या चिकटविण्याच्या दिवसांतलें, ‘बाकुचिकु गेन्शो’. चौघे आपापल्या जागीं उभे राहिले, मधली जागा मोकळी होती, आणि पूर्वीं मुद्रित झालेल्या साकुराईच्या आवाजाला त्यांनीं साथ केली. होइचीनें मृतांसाठीं गाइलें. येथें मृत गात होता आणि जिवंत वाजवीत होते. श्रोत्यांत १९८९ सालीं टोकियो डोममध्यें आलेलीं, आतां पन्नाशी उलटलेलीं माणसें असणारच.

१९९० मधल्याप्रमाणें याहि वेळीं मौन फार काळ टिकलें नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें त्यांचा ‘सबरोझा’ हा नवा संग्रह निघाला. लॅटिन भाषेंतल्या मूळ शब्दांचा अर्थ ‘गुलाबाखालीं’. गायकाच्या जागीं बाहेरून कोणासहि बोलाविलेलें नाहीं. इमाई आणि होशिनो हेच त्यांत गातात.